डॉन लार्सनची दुपार आणि तिच्या वस्तूंचं मोल

२०१२ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉलचा एक जुना गणवेश ७ लाख ५६ हजार डॉलरला विकला गेला. लोकरीचं फ्लॅनेल कापड, पांढऱ्यावर बारीक उभ्या रेघा, पाठीवर १८ हा आकडा. विकणारे डॉन लार्सन तेव्हा ८३ वर्षांचे होते. पैसे कशाला हवेत हे त्यांनी लपवलं नाही. नातवंडांच्या कॉलेजचा खर्च भागवायचा होता. तोवर तो गणवेश सॅन दिएगोच्या क्रीडा संग्रहालयात त्यांनीच ठेवायला दिला होता आणि हजारो लोकांनी काचेआडून तो पाहिला होता.

त्या कपड्याला एवढी किंमत कशी आली हे कळायचं तर ८ ऑक्टोबर १९५६ च्या दुपारी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये काय घडलं ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे बेसबॉल फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं खुलासेवार सांगतो. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात आणि एका इनिंगमध्ये तीन बॅटर बाद झाले की पाळी संपते. म्हणजे पिचरला सामना पुरा करायला सत्तावीस बाद मिळवावे लागतात. हे सत्तावीस बाद होईपर्यंत समोरचा एकही खेळाडू पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचला नाही, ना फटका मारून, ना चार बाहेरच्या चेंडूंवर फुकटात, ना क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. मेजर लीगमध्ये पहिला परफेक्ट गेम १८८० साली झाला. तेव्हापासून दोन लाखांहून जास्त सामने झाले आणि परफेक्ट गेम झाले फक्त २४. त्यातला शेवटचा २०२३ च्या जूनमधला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वर्षाचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, हे आजवर एकदाच झालं आहे. ते लार्सननी केलं.

योगायोग असा की त्याच वर्षी, सव्वादोन महिने आधी, इंग्लंडच्या जिम लेकरने मँचेस्टरच्या क्रिकेट कसोटीत ऑस्ट्रेलियाचे १९ बळी घेतले होते. चेंडू टाकणाऱ्यांच्या इतिहासात १९५६ सारखं वर्ष क्वचितच आलं असेल.

पण लेकर त्या काळातला अव्वल ऑफस्पिनर होता, लार्सन तसे नव्हते. १९५४ साली बॉल्टिमोरकडून खेळताना त्यांच्या नावावर ३ विजय आणि २१ पराभव लागले होते. सगळी कारकीर्द धरली तर ८१ विजय, ९१ पराभव. १९५६ च्या त्याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात त्यांच्या यांकीज संघाने त्यांना सहा धावांची आघाडी काढून दिली होती, तरी ते दुसऱ्या इनिंगपलीकडे टिकले नाहीत आणि यांकीज तो सामना ८-१३ ने हरले. पाचवा सामना आपल्याला टाकायचा आहे हे त्यांना त्या दिवशी सकाळी कळलं. यांकीजकडे पद्धत होती: प्रशिक्षक फ्रँक क्रोसेट्टी सुरुवात करणाऱ्या पिचरच्या बुटात चेंडू ठेवून देत. लार्सन कपाटापाशी आले, बुटात चेंडू होता.

समोर ब्रुकलिन डॉजर्स होते, जॅकी रॉबिन्सनचा संघ. दुसऱ्या इनिंगमध्ये रॉबिन्सनचा जोरकस फटका यांकीजच्या अँडी कॅरीच्या हाताला लागून गिल मॅक्डूगल्डकडे उडाला आणि त्याने रॉबिन्सनला थोडक्यात बाद केलं. पाचव्या इनिंगमध्ये गिल हॉजेसचा लांब फटका मिकी मँटलने धावत जाऊन पकडला. मँटलनेच चौथ्या इनिंगमध्ये होमरन मारून सामन्याची पहिली धाव केली होती. डॉजर्सचा पिचर साल मॅग्ली यानेही त्या दिवशी सुरेख मारा केला. फक्त पाच फटके आणि दोन धावा त्याने दिल्या, आणि तरी तो हरला. सव्विसाव्या बादनंतर मॅग्लीच्या जागी डेल मिचेल बॅट घेऊन आला. सगळ्या कारकिर्दीत जवळजवळ चार हजार पाळ्यांमध्ये जो फक्त ११९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू खेळता न आल्याने बाद, झाला, असा हा बॅटर. लार्सनचा ९७वा चेंडू त्याने सोडला, आणि अंपायर बेब पिनेलीने हात वर करून त्याला बाद दिलं. प्लेटमागे उभं राहून पिनेलीने केलेला तो शेवटचा सामना होता. कॅचर योगी बेरा धावत गेला आणि लार्सनच्या अंगावर उडी मारून त्याने त्यांना मिठीच घातली. ६४,५१९ लोक हे पाहत होते.

आता या दुपारचे अवशेष काय काय उरले ते पाहू. लार्सनचा गणवेश, बेराचा हातमोजा, तिकिटं, तिकिटांचे फाडलेले अर्धे तुकडे, प्रेक्षकांनी पेन्सिलने भरलेली स्कोअरकार्डं, बेराच्या उडीची छायाचित्रं, त्यांवर पुढची साठेक वर्षं पडत राहिलेल्या सह्या, आणि एक फिल्म. यातल्या बहुतेक वस्तू आज विकाऊ आहेत किंवा कधी ना कधी विकाऊ होत्या. एकाच घटनेच्या या वस्तूंच्या किमतींमध्ये शेकडो पटींचा फरक आहे आणि तो फरक दिसतो तितका मनमानी नाही. त्या फरकातूनच स्मरणवस्तूंचा हा सगळा व्यवहार कशावर उभा आहे ते कळतं.

सगळ्यात स्वस्त आहे सही. लार्सन आणि बेरा दोघेही दीर्घायुषी होते. बेरा २०१५ साली गेले, लार्सन २०२० च्या पहिल्याच दिवशी. दोघांनी आयुष्यभर मागेल त्याला सह्या दिल्या. उडीच्या छायाचित्रावर दोघांची सही असलेल्या प्रती आजही सहज मिळतात आणि सामान्य चाहत्याला परवडतात. मला यात काही वाईट दिसत नाही. लार्सननी त्या एका दुपारवर पुढची अनेक वर्षं काही कमाई केली, चाहत्यांच्या घरी भिंतीवर एक खरी सही लागली. अडचण आहे ती खोट्या सह्यांची.

नव्वदच्या दशकात हा व्यापार इतका बोकाळला की खऱ्यापेक्षा खोट्या सह्या जास्त विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या एफबीआयचा अंदाज होता की बाजारातल्या सह्यांच्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक बनावट आहेत. ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने त्यांनी सॅन दिएगोतून तपास चालवला आणि त्यात साठाहून अधिक जण दोषी ठरले. जप्त केलेल्या मालात कोणाच्या सह्या होत्या? बेब रूथच्या होत्या, मँटलच्या होत्या, आणि बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सहीसुद्धा होती. ती विकत घ्यायलाही माणसं तयार होती, यावरून त्या बाजारातली भूक किती आंधळी होती हे समजतं. पाद्रेजचे मोठे खेळाडू टोनी ग्विन यांना तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या.

या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली. २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला मैदानालगत एक तटस्थ साक्षीदार बसतो. तो बहुधा निवृत्त किंवा रजेवरचा पोलीस असतो. चेंडू खेळातून बाहेर पडला की तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला हे तो डोळ्यांनी पाहतो आणि मग त्यावर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवतो. त्याने पाहिलं नसेल तर होलोग्राम नाही. चेंडू कितीही खरा असला तरी नाही. प्रेक्षकांत गेलेला चेंडू एखाद्याने दहा मिनिटांनी आणून दाखवला तरी साक्षीदार त्याला हात लावत नाही. ही कडक शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. वस्तूवर विश्वास ठेवायचा तो विकणाऱ्याचा चेहरा पाहून, त्याच्या शब्दावर किंवा भावनेवर नाही, तर ती एका क्षणापासून पुढे सतत कोणाच्या तरी नजरेखाली होती यावर ठेवायचा, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं.

पण १९५६ साली असा साक्षीदार नव्हता. मग जुन्या वस्तूंचं काय? तिथे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची ताकद सारखी नाही.

पहिला मार्ग वस्तूच्या अंगावरच्या खुणांचा. जुन्या चेंडूवर लीगच्या अध्यक्षाची छापील सही असे. अध्यक्ष बदलला की छाप बदलायचा. १९५६ च्या अमेरिकन लीगच्या चेंडूवर विल हॅरिज यांचं नाव असायलाच हवं. १९४८ साली वारलेल्या बेब रूथची सही नंतरच्या अध्यक्षाचा छाप असलेल्या चेंडूवर दिसली तर पुढे काही तपासायची गरजच नाही. गणवेशातही कापड, शिलाई, कॉलरमधलं लेबल आणि आकड्यांची ठेवण पाहतात. मात्र या खुणा फार तर वस्तू त्या काळातली आहे एवढं सांगतात. ती त्या दिवशीची आहे, हे सांगत नाहीत.

दुसरा मार्ग छायाचित्रांचा. यांकीजच्या उभ्या रेघांच्या शर्टात रेघ कोणत्या जागी शिवणीत शिरते, छातीवरच्या अक्षरांना ती कुठे छेदते, पाठीवरचा आकडा कोणत्या दोन रेघांमध्ये बसतो, हे दोन शर्टांत तंतोतंत सारखं नसतं. सामन्याच्या जुन्या छायाचित्रात हे तपशील दिसत असतील तर ते समोरच्या शर्टाशी ताडून पाहता येतात. अलीकडे हे काम करणाऱ्या खास कंपन्याच निघाल्या आहेत. त्यामुळे किमतीवर काय परिणाम होतो त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बेब रूथचं. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधला त्याचा शर्ट २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरला गेला होता. पुढे छायाचित्रांवरून तो त्याच मालिकेतल्या सामन्यात घातलेला ठरला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच शर्टाला २ कोटी ४१ लाख डॉलर आले. शर्ट बदलला नव्हता. त्याच्याबद्दलची खात्री बदलली होती.

तिसरा मार्ग मालकीच्या साखळीचा, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. लार्सनच्या गणवेशाची ताकद इथेच होती. तो त्यांच्या अंगावरून त्यांच्याकडेच राहिला, त्यांनीच तो संग्रहालयाला दिला, त्यांनीच परत घेऊन लिलावाला लावला. मधे दुसरा मालक आलाच नाही. सामन्याच्या ५६व्या वाढदिवशी लिलाव सुरू झाला, तेव्हा वस्तूच्या खरेपणाची ग्वाही देणारा माणूस तोच होता ज्याने ती घातली होती. असं भाग्य फार थोड्या वस्तूंना लाभतं. त्या काळात जुने फ्लॅनेलचे शर्ट पुढच्या वर्षी सरावाला वापरत, नाहीतर खालच्या लीगमधल्या संघांकडे पाठवून देत. तिथे आकडे उसवून नवे लावले जात. इतिहास घडवलेले कित्येक शर्ट असे घासून, धुऊन, फाटून संपले.

तिकिटांची गोष्ट वेगळी आहे, आणि अलीकडच्या काळात सगळ्यात जास्त खळबळ तिकिटांच्याच बाजारात झाली. वर्षानुवर्षं संग्राहकांना तिकिटात फारसा रस नव्हता. कार्डं आणि चेंडू यांच्या मागे सगळे. मग स्टेडियमनी कागदी तिकिटं बंद केली, फोनवरचा चौकोन दाखवून माणसं आत जाऊ लागली, आणि जुन्या कागदाची किंमत एकदम कळली. २०२२ च्या फेब्रुवारीत जॅकी रॉबिन्सनच्या १९४७ मधल्या पहिल्या मेजर लीग सामन्याच्या तिकिटाचा फाडलेला तुकडा ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. तेव्हापासून जुन्या पेट्यांमधली, पुस्तकांत खुणेसाठी ठेवलेली तिकिटं बाहेर येऊ लागली.

परफेक्ट गेमच्या तिकिटाला एक खास गुण आहे. वर्ल्ड सिरीजचं तिकीट लोक मुळातच जपून ठेवतात. लार्सनच्या सामन्याला चौसष्ट हजारांवर माणसं होती, म्हणून त्याची तिकिटं आजही अधूनमधून विक्रीला येतात. पण बाकीचे बहुतेक परफेक्ट गेम कुठल्याशा साध्या दिवशी, निम्म्या रिकाम्या मैदानात झाले. १९६८ च्या मे महिन्यात ओकलंडला कॅटफिश हंटरने परफेक्ट गेम टाकला तेव्हा फक्त ६,२९८ प्रेक्षक होते. १९८१ साली क्लीव्हलंडमध्ये लेन बार्करचा पाहायला ७,२९०. घरी जाताना तिकीट खिशात चुरगळून टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुन्हा सरळ करून ठेवलं असेल? असं तिकीट हातात आलं की सामन्याला गेलेल्या त्या मोजक्या माणसांपैकी एकाचं काहीतरी आपल्याकडे आलं असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही.

इथे बाजाराची एक रीत मात्र मला अजिबात पटत नाही. तिकीट तपासणाऱ्या कंपन्या त्याला प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून गुण देतात. या गुणांत न फाडलेलं, कोरं करकरीत तिकीट फाडलेल्या तुकड्यापेक्षा वर असतं आणि किंमतही त्याच क्रमाने चढते. म्हणजे ज्याने तिकीट काढलं पण जो गेलाच नाही त्याचं तिकीट, आत जाऊन सत्तावीस बाद पाहिलेल्या माणसाच्या तिकिटापेक्षा महाग. दाराशी उभ्या माणसाने तिकीट फाडलं, हाच त्याच्या साक्षीचा शिक्का आहे, आणि बाजार त्यालाच व्रण समजतो.

या विचाराचं टोक २०१० साली दिसलं. २९ मे रोजी मायामीत फिलाडेल्फियाच्या रॉय हॅलडेने फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. स्टेडियम भरलं नव्हतं. सामना संपल्यावर यजमान संघाने त्या सामन्याची न विकली गेलेली तिकिटं मूळ दराने विकायला काढली आणि लोकांनी ती घेतली. छपाई खरी, तारीख खरी, आसनाचा क्रमांक खरा. फक्त त्या आसनावर त्या दिवशी कोणी बसलेलं नव्हतं. व्यापार म्हणून हे बेकायदा नाही, फसवणूकही नाही, कारण तिकीट कधी घेतलं ते कोणी लपवलं नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत ही तिकिटं हातोहात फिरतील तेव्हा ती सामन्यानंतर विकली गेली होती हे सांगणारा कोण उरणार? असा कागद इतिहासाच्या पेटीत मिसळला की खऱ्या कागदाचाही विश्वास पातळ होतो.

त्याच हॅलडेनी दुसरं काय केलं तेही सांगायला हवं. त्यांनी आपल्या संघातल्या सहकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना, साधारण साठ जणांना, घड्याळं दिली. घड्याळाच्या मागे प्रत्येकाचं नाव आणि डबीवर हे आपण सगळ्यांनी मिळून केलं अशा अर्थाचे आभार. परफेक्ट गेम एकट्याच्या नावावर लागतो, पण कॅरीच्या हाताला लागून उडालेला चेंडू मॅक्डूगल्डकडे गेला नसता किंवा मँटलची धाव एक पाऊल कमी पडली असती, तर लार्सनचं नाव आज कोणी घेतलं नसतं. हॅलडे २०१७ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या त्या घड्याळांपैकी एखादं पुढेमागे बाजारात आलं तर सामन्यात वापरलेल्या कुठल्याही वस्तूइतकाच मान त्याला मिळावा.

हातमोज्यांत मला सगळ्यात आवडलेला हातमोजा बेराचा नाही, यांकीजचा पुढच्या काळातला कॅचर जो जिरार्डी याचा आहे. १८ जुलै १९९९ रोजी यांकी स्टेडियमवर बेरांच्या सन्मानाचा कार्यक्रम होता. लार्सननी समारंभाचा पहिला चेंडू टाकला आणि बेरांनी तो जिरार्डीकडून उसन्या घेतलेल्या मोज्यात झेलला. मोजा परत दिला. मग सामना सुरू झाला, आणि यांकीजचा पिचर डेव्हिड कोन याने त्याच मोज्यात ८८ चेंडू टाकून परफेक्ट गेम पुरा केला. लार्सन आणि बेरा दोघेही ते पाहत मैदानात बसलेले. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

आता फिल्मकडे येतो. लार्सनचा सामना टीव्हीवर दाखवला गेला होता, मेल अॅलन आणि व्हिन स्कली यांनी त्याचं वर्णन केलं होतं. पण त्या काळी टीव्हीचं प्रक्षेपण जपून ठेवायची पद्धत नव्हती. कधीकधी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून फिल्म काढत, तिला किनेस्कोप म्हणतात, आणि तीही काम झालं की फेकून देत. अनेक दशकं या सामन्याचे तुकडेच काय ते लोकांनी पाहिले होते. पुढे जुन्या खेळांच्या फिल्म जमवणाऱ्या एका संग्राहकाला जवळजवळ पूर्ण सामन्याची किनेस्कोप सापडली. फक्त पहिली इनिंग गायब. १ जानेवारी २००९ रोजी एमएलबी नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी हीच फिल्म दाखवली आणि लार्सन व बेरा यांना समोर बसवून त्यांच्याशी गप्पा मारल्या. दोघे ती दुपार पुन्हा पाहत होते, बावन्न वर्षांनी.

खाजगी संग्राहकांवर टीका करणं सोपं आहे. ते श्रीमंत असतात, वस्तू तिजोरीत कोंडतात, भाव वाढवतात. पण टीव्हीच्या कंपनीने जे फेकलं ते एका छंदिष्ट माणसाने सांभाळलं. कागद, फिल्म, कापड हे सगळं संस्थांनी नाही, वेडाने झपाटलेल्या माणसांनी जगवलं आहे. आपल्याकडेही पुण्यात सहकारनगरला उभं राहिलेलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय एका व्यक्तीच्या छंदातूनच झालं. म्हणून खाजगी की सार्वजनिक असा सरळ झगडा मी मानत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या हाती अशी वस्तू आली त्याने ती वेळोवेळी लोकांना दाखवावी, अभ्यासकांना तपासू द्यावी. पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू दाखवल्याने तिच्यावरची मालकी कमी होत नाही.

संग्रहालयांची बाजू पाहिली तर कूपरस्टाउनचं बेसबॉल हॉल ऑफ फेम १९३९ सालापासून उघडं आहे. त्यांच्याकडे चाळीसेक हजार वस्तू आहेत आणि त्यांचा एक नेम आहे: ते वस्तू विकत घेत नाहीत, फक्त देणगी घेतात. नो-हिटर, म्हणजे पिचरने एकही फटका न देता पुरा केलेला सामना, झाला की त्यांचा माणूस संघाशी संपर्क साधतो आणि चेंडू, टोपी, बूट यांपैकी काही मागतो. बहुतेक खेळाडू आनंदाने देतात. लार्सन स्वतः खेळाडू म्हणून हॉल ऑफ फेममध्ये कधी निवडले गेले नाहीत. ८१ विजयांवर तिथे जाता येत नाही. एका दुपारमुळे त्यांचं नाव तिथल्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक आहे, पण त्यांच्या नावाचा फलक तिथे नाही.

आणि संग्रहालयं सुरक्षितच असतात असंही नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या लिटल फॉल्सच्या योगी बेरा संग्रहालयात चोर शिरले. बेरांच्या वर्ल्ड सिरीजच्या अंगठ्या आणि सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे फलक घेऊन गेले. नऊ वर्षांनी, २०२३ साली, टोळीतल्या नऊ जणांवर आरोपपत्र दाखल झालं तेव्हा कळलं की अंगठ्या वितळवून धातूच्या भावात विकल्या गेल्या. बेसबॉलमध्ये खेळाडू म्हणून विश्वविजेत्या संघाच्या इतक्या अंगठ्या दुसऱ्या कोणीही जिंकल्या नाहीत. त्या भट्टीत गेल्या आणि हाती आलं ते वजनावर विकायचं सोनं. 

ही बातमी वाचल्यावर खूप वेळ काही सुचलं नव्हतं. लिलावात लाखो डॉलरला जाणारी वस्तू आणि भट्टीत वितळून धातूच्या भावाला गेलेली वस्तू यांच्यातला फरक धातूत नाहीच. तो त्या वस्तूमागच्या ओळखीत आहे. ओळख पुसली की उरतं ते कापड, चामडं, कागद आणि सोनं.

आपल्या मुंबईची एक घटना इथे आठवते. ४ डिसेंबर २०२१ रोजी वानखेडेवर एजाज पटेलने भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर कसोटीत हे करणारा तो तिसराच. मुंबईत जन्मलेला, लहानपणी आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला हा फिरकी गोलंदाज आपल्या जन्मगावी येऊन हे करून गेला. त्याने तो चेंडू मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयासाठी देऊन टाकला. पुढच्या वर्षी त्या कसोटीतली सहकाऱ्यांच्या सह्यांची जर्सी त्याने ऑकलंडच्या लहान मुलांच्या रुग्णालयासाठी लिलावात काढली. चेंडू जिथे पराक्रम घडला तिथेच राहिला आणि जर्सीने आजारी मुलांना मदत केली. लार्सनचा निर्णय याहून वेगळा होता, पण कमी प्रतीचा नव्हता. त्यांच्या काळात खेळाडूंना आजच्यासारखे पैसे मिळत नव्हते आणि त्या दुपारवर पहिला हक्क त्यांचा होता. खेळाडूने स्वतःची वस्तू विकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. संघाने कमावलं, वाहिन्यांनी कमावलं, दलालांनी कमावलं. ज्याच्या खांद्याने सत्तावीस बाद मिळवले त्याच्या नातवंडांची फी त्याच कपड्यातून निघाली तर त्यात काय गैर आहे?

हा सगळा आढावा घेतल्यावर वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. तुमच्याही घरात जुन्या सामन्यांचं काहीतरी असेल. ब्रेबॉर्नवरच्या कसोटीचं वडिलांनी ठेवलेलं तिकीट, वानखेडेवर भरलेलं स्कोअरकार्ड, एखाद्या क्लबच्या सामन्यानंतर गोलंदाजाने दिलेला चेंडू. ते लिलावात जाईल की नाही ही गोष्ट दुय्यम आहे. आज त्याबद्दल घरातल्या ज्येष्ठांना विचारा: कोणता सामना, कोण गेलं होतं, कोणाबरोबर बसले होते, ही वस्तू हातात कशी आली. उत्तर एका वेगळ्या कागदावर लिहा, खाली तारीख घाला, सांगणाऱ्याची सही घ्या आणि तो कागद वस्तूसोबत ठेवा. वस्तूवर स्वतः काही लिहू नका, तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका. सांगणारा माणूस घरात आहे तोवरच हे होण्यासारखं आहे.